जुन्या ट्रॅक्टरचे मागील टायर : मोठे की योग्य?

कारखान्याचा पट्टा पडला, उसाची शेवटची खेप वजनकाट्यावरून उतरली, की ट्रॅक्टर घरी परततो आणि मालकाची नजर प्रथम त्याच्या मागील चाकांवर जाते. चार-पाच महिने डांबरी रस्त्यावर घासून टायरांवरील रबरी कंगोरे झिजून गेलेले असतात आणि पुढे उन्हाळी नांगरट उभी असते. अशा वेळी शेतकरी तालुक्याच्या गावी दुकानात जातो. तेथे बहुधा एकच सल्ला मिळतो : "एवढा खर्च करताच आहात, तर एक माप मोठे घ्या. ओढ वाढेल." शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरला रुंद टायर पाहिलेले असतात, सल्ला देणारा माहीतगार वाटतो, आणि तीस-चाळीस वर्षे एका मापावर निमूटपणे चाललेल्या ट्रॅक्टरला दुसऱ्याच मापाची चाके लागतात.

हा सल्ला जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत बहुतेक वेळा चुकीचा असतो. मागील टायरची जोडी हा जुन्या ट्रॅक्टरवरील सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक होय. तरीही बियाण्याच्या पिशवीवरील प्रत्येक अक्षर वाचणारा शेतकरी टायरच्या भिंतीवर उमटवलेले एकही अक्षर वाचत नाही, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यालाही खते-औषधांइतके हे आपले काम वाटत नाही. ते त्याचेच काम आहे, कारण या निवडीत केवळ पैसा गुंतलेला नाही. उताराच्या रस्त्यावर भरलेल्या ट्रॉलीपुढे बसलेल्या माणसाचा जीवही गुंतलेला आहे.

येथे जुना ट्रॅक्टर म्हणजे कोणता, हे प्रथम स्पष्ट केलेले बरे. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबाद येथे आयशरच्या कारखान्यातून बाहेर पडला. १९६० साली मद्रास येथे स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने आपले ट्रॅक्टर काढले. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी उभारली व तिचा बी-२७५ खेडोपाडी पोचला. या घराण्यांतील पंचवीस ते चाळीस अश्वशक्तीचे, केवळ मागील दोन चाकांनी ओढणारे ट्रॅक्टर आजही दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती काम करताना दिसतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मागील चाकांचे मूळ माप १२.४-२८ हे आहे. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा रिमचा व्यास इंचांत.

आता पहिला घोटाळा या आकड्यांतच होतो. जुन्या ट्रॅक्टरच्या माहिती-पुस्तकात किंवा झिजलेल्या टायरवर '११-२८' असे माप लिहिलेले असते. शेतकरी दुकानात जाऊन ११-२८ मागतो, दुकानदार ११.२-२८ चा टायर पुढे करतो, आणि दोघांनाही वाटते की एका दशांशाने काय बिघडते! वस्तुतः ही दोन निरनिराळी मापे आहेत. पूर्वी टायरची रुंदी सांगण्याची पद्धत वेगळी होती. पुढे रिम रुंद झाले, त्यांवर बसलेल्या टायरची प्रत्यक्ष रुंदी मोजून नवी मापे ठरली व जुने आकडे बदलले. त्यामुळे जुने १०-२८ म्हणजे आजचे ११.२-२८, जुने ११-२८ म्हणजे आजचे १२.४-२८, आणि जुने १२-२८ म्हणजे आजचे १३.६-२८ होय. ज्याला ११-२८ हवे त्याने ११.२ घेतले तर तो एक माप लहान टायर घेऊन घरी येतो. गोंधळ टाळण्यासाठी काही टायरांवर '१२.४/११-२८' अशी दोन्ही मापे शेजारी शेजारी छापलेली असतात, ती यासाठीच. घरून निघण्यापूर्वी जुन्या टायरवरचे माप चिखल पुसून कागदावर उतरवून घ्यावे. आणि टायर आधीच्या मालकाने बदललेला असण्याचा संभव असल्यामुळे रिमवर कोरलेले मापही उतरवून घ्यावे. टायर खोटे बोलू शकतो, रिम सहसा बोलत नाही.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची कृषियंत्रांचे प्रशिक्षण व चाचणी करणारी संस्था आहे. तिच्या चाचणी-अहवालात त्या त्या ट्रॅक्टरच्या टायरचे माप, टायरमधील हवेचा दाब आणि त्यावर मिळालेली ओढ यांची नोंद असते. माहिती-पुस्तक हरवलेल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत कार्यकर्त्याने हा आधार शोधून द्यावा. दुकानातील तोंडी शिफारशीपेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे.

आता मोठ्या मापाच्या मोहाकडे वळू. रुंद टायर जमिनीवर अधिक जागा व्यापतो, म्हणून अधिक पकड घेतो, हा युक्तिवाद मुळात खोटा नाही. परंतु पकड केवळ रुंदीतून येत नाही. ती मुख्यतः चाकावर पडणाऱ्या वजनातून येते. जुना पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः पावणेदोन टनांच्या आतबाहेर वजनाचा असतो. तेवढेच वजन अधिक रुंद जागेवर पसरले, तर घट्ट जमिनीत कंगोरे पूर्वीइतके रुतत नाहीत. वजन न वाढवता नुसती रुंदी वाढवणे म्हणजे हलक्या माणसाला मोठे जोडे देण्यासारखे आहे.

या संदर्भात हॅरी फर्ग्युसन यांच्या लहानशा टीई-२० ट्रॅक्टरचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तो तयार झाला. त्याला मागे १०-२८ इतके अरुंद टायर असत, तरीही तो दोन फाळांचा नांगर ओढी. रहस्य टायरात नव्हते. औजार तीन कड्यांवर जोडून ते जलदाबाच्या यंत्रणेने धरून ठेवण्याची जी रीत फर्ग्युसन यांनी रूढ केली, तिच्यामुळे औजाराचे व त्यावर पडणाऱ्या मातीचे वजन मागील चाकांवर येत असे. जमीन घट्ट लागली, ओढ वाढली, की यंत्रणा नांगर किंचित वर उचली, आणि त्याच क्षणी चाकांवरील भार वाढे. आज आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरवर याच तत्त्वाची जोडणी आहे.

पण जुन्या ट्रॅक्टरवर ती धड चालते का? येथेच खरा प्रश्न आहे. पंप झिजलेला, टॉप लिंकजवळची स्प्रिंग गंजून बसलेली, लिव्हर नेहमी एकाच जागी ठेवण्याची सवय जडलेली, अशी अवस्था पुष्कळ ठिकाणी आढळते. नांगर कठीण पट्ट्यात शिरला, इंजिन कण्हू लागले, चाके जागच्या जागी फिरू लागली आणि तरीही नांगर तसूभर वर आला नाही, तर दोष टायरचा नसून लिफ्टचा आहे असे समजावे. फाळ बोथट असेल तर ओढ आणखी वाढते. अशा ट्रॅक्टरला मोठे टायर घालणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला जाड घोंगडी पांघरणे. लिफ्टच्या दुरुस्तीला व नव्या फाळाला लागणारा खर्च टायरच्या जोडीच्या मानाने थोडा असतो. तो आधी करावा, मग चाके घसरतात की नाही हे पाहावे, आणि मग दुकानाची वाट धरावी.

मोठा टायर नुसता निरुपयोगी ठरला असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. तो अपायकारकही ठरतो. १२.४-२८ च्या जागी १४.९-२८ घातला तर चाकाचा व्यास सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. इंजिन तेच, गिअर तेच. पण प्रत्येक गिअरमध्ये ट्रॅक्टर ८ टक्के अधिक वेगाने धावतो, आणि जितका वेग वाढतो तितकी चाकाच्या कडेवर मिळणारी ओढ कमी होते. म्हणजे ज्या ओढीसाठी पैसे मोजले तीच घटते. रोटाव्हेटरचे पाते तर इंजिनाच्या गतीवर फिरते. ट्रॅक्टर पुढे मात्र जास्त वेगाने सरकतो, त्यामुळे माती पूर्वीइतकी बारीक होत नाही आणि मालक पात्यांना दोष देतो.

हाच हिशेब ब्रेकलाही लागू आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. ब्रेक आतल्या धुऱ्यावर तेवढाच जोर लावतो, परंतु चाक मोठे झाल्यामुळे जमिनीशी तो जोर कमी पोचतो. मोकळ्या शेतात हे कुणाच्या ध्यानात येत नाही. रात्रीच्या वेळी मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, त्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नाहीत, पुढे घाटाचा किंवा ओढ्याच्या पुलाचा उतार, आणि ट्रॅक्टरचे ब्रेक जुने. अशा वेळी ते ८ टक्के कोणाच्या वाट्याला येतात ते सांगण्याची गरज नाही. मूळ उत्पादकाने सांगितलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे, हेही मालकाने ध्यानात ठेवावे. परंतु कायद्याच्या भीतीपेक्षा उताराची भीती अधिक खरी आहे.

रिमचाही विचार केला जात नाही. प्रत्येक टायरला ठराविक रुंदीचे रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याच्या दोन्ही भिंती आत खेचल्या जातात, माथा फुग्यासारखा गोल होतो आणि जमिनीला केवळ मधले कंगोरे टेकतात. रुंदीचे पैसे दिले, पण ती हवेतच राहिली! शिवाय आतल्या बाजूने टायर खालच्या कडीला किंवा साखळीला घासतो, वरून मडगार्डला लागतो. नांगरटीत उजवे चाक तासातून चालते. १४ इंची फाळाचा तास १४ इंच रुंद असतो. १५ इंच रुंदीचा टायर त्यात मावत नाही. तो एका बाजूने तासाची भिंत ढासळवतो किंवा दुसऱ्या बाजूने नुकतीच पलटलेली माती दाबून टाकतो. काळ्या जमिनीत, विशेषतः खाली ओल असताना, अशी दाबलेली माती पुढे ढेकूळ होऊन निघते. आणि टायर खरोखरच चांगली पकड घेऊ लागला, तर तो भार शेवटी कोठे जाणार? जुन्या गिअरपेटीवर आणि धुऱ्यावर. चाकाचे थोडे घसरणे हे त्यांचे संरक्षण असते.

याचा अर्थ माप कधीच बदलू नये असा नव्हे. काही ट्रॅक्टरांना त्यांच्या उत्पादकानेच १२.४-२८ आणि १३.६-२८ अशी दोन्ही मापे मान्य केलेली असतात. तेथे व्यासातील फरक सुमारे ४ टक्क्यांचा असतो, तो यंत्राला पेलतो. नदीकाठची मऊ, भुसभुशीत जमीन असेल, कामही मुख्यतः शेतातलेच असेल, आणि रिम त्या मापाला योग्य असेल, तर १३.६ घेण्यास हरकत नाही. मात्र माहिती-पुस्तकात ते माप नाही, केवळ 'बसते' म्हणून बसवले, हा व्यवहार टाळावा.

माप निश्चित झाले, म्हणजे कंगोऱ्यांची निवड येते. आणि येथे मापापेक्षाही अधिक विचार हवा, कारण याबाबतीत जुने टायर जसेच्या तसे मागणे शहाणपणाचे नसते. ट्रॅक्टर घेतला तेव्हा तो शेतकामासाठी होता. आज तो काय करतो? मालकाने मागील एका हंगामाचा प्रामाणिक हिशेब मांडावा : किती तास नांगर-कुळव, किती तास रोटाव्हेटर, आणि किती तास रस्त्यावर ट्रॉली. कोल्हापूर-सांगलीकडील उसाच्या पट्ट्यात या हिशेबाने पुष्कळांना आश्चर्य वाटेल. ट्रॅक्टर शेताचा म्हणवला जातो. राबतो मात्र रस्त्यावर.

उंच व एकमेकांपासून दूर असलेले कंगोरे मऊ, ओल्या जमिनीत खोल रुततात आणि फिरताना चिखल बाहेर टाकतात. काळ्या चिकण जमिनीत ही मोकळी जागा फार महत्त्वाची असते. कंगोऱ्यांमधील खाचा मातीने बुजल्या की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच असतो. परंतु हेच उंच कंगोरे डांबरावर प्रत्येक फेऱ्यात वाकतात, घासतात आणि पाहता पाहता झिजतात. त्या कामासाठी रुंद माथ्याचे, बुटके, जवळजवळ बसवलेले कंगोरे असलेला टायर अधिक काळ टिकतो. वऱ्हाड-मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वर्षातील बराच काळ काळ्या रानातच असतो, त्याने उंच कंगोऱ्यांचा टायर घ्यावा. वाहतुकीचे भाडे करणाऱ्याने बुटक्या कंगोऱ्यांचा घ्यावा. दोन्ही कामे निम्मी-निम्मी असतील तर मध्यम उंचीचा पाहावा आणि दोन्हीकडे थोडी तडजोड सोसावी. सर्व कामांत श्रेष्ठ असा टायर कोणी विकत असेल तर तो टायर विकत नसून शब्द विकत आहे.

भात-चिखलणीचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे फार उंच कंगोऱ्यांचे खास टायर मिळतात, पण वर्षातून आठ-पंधरा दिवसांच्या चिखलणीसाठी ते घेणे जुन्या ट्रॅक्टरच्या मालकाला परवडण्यासारखे नसते. साध्या टायरांसोबत लोखंडी पिंजऱ्याची चाके जोडून काम भागते. ती चाके बांधावर आली की काढावीत. त्यांनी रस्ता उखडतो.

टायरवर 'पी. आर.' या अक्षरांपुढे ६, ८ किंवा १२ असा आकडा असतो. तो आतील कापडी थरांच्या ताकदीचा दर्जा होय. अधिक आकडा म्हणजे अधिक भार व अधिक हवा सोसणारा टायर. ट्रॉलीच्या भाराखाली ८ किंवा त्याहून अधिक दर्जा उपयोगी पडतो. केवळ शेतात राबणाऱ्या हलक्या ट्रॅक्टरला १२ चा ताठ टायर घेण्यात लाभ नाही. कमी हवेवर तो नीट पसरत नाही आणि पकड देत नाही. पऱ्हाटीचे व तुरीचे तिरपे कापलेले खुंट, उसाची बुडखे आणि बाभळीचे काटे यांनी टायरची भिंत फाटते, म्हणून जाड टायर बरा असे म्हणणारे आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण खुंट जमिनीलगत सपाट कापले तर तोच लाभ कोयत्याच्या धारेवर मिळतो.

रेडियल टायर जमिनीवर अधिक पसरतात, पकडही चांगली देतात. वर्षाला मोजकेच तास चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरला त्यांच्या वाढीव किमतीची भरपाई होणे कठीण. घ्यायचेच तर दोन्ही बाजूंना घ्यावेत. एका बाजूस रेडियल व दुसऱ्या बाजूस साधा, असे कदापि करू नये.

जोडीचा हा नियम सर्वच टायरांना लागू आहे, आणि तो सर्वांत अधिक मोडला जातो. एकच टायर फाटला म्हणून एकच नवा घेतला जातो. एका बाजूस उंच नवे चाक, दुसऱ्या बाजूस झिजलेले बुटके चाक. मग ट्रॅक्टर सरळ चालत असतानाही आतील डिफरन्शियलचे दाते सतत फिरत राहतात. हे दाते वळण घेण्यापुरते फिरावेत अशी त्यांची योजना असते. ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो, तास वाकडा पडतो, कमी पकडीचे चाक घसरते. पैसा अपुरा असेल तर एक नवा टायर घेण्यापेक्षा सारख्या झिजेची, एकाच बनावटीची जुनी जोडी घेणे बरे.

मात्र जुनी जोडी घेताना कंगोरे पाहून भुलू नये. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात. '३२१९' म्हणजे २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. रबर उन्हाने व हवेने कडक होते. कंगोऱ्यांच्या मुळाशी व भिंतीवर बारीक चिरा असतील, त्यांतून कापडाचे धागे दिसत असतील, तर कंगोरे कितीही उंच असोत, तो टायर सोडून द्यावा. वरून नवे रबर चढवलेल्या टायरांचा प्रश्नही असाच आहे : नवे रबर जुन्या सांगाड्याचे वय लपवते. शेतात हळू चालणाऱ्या ट्रॅक्टरला ते चालून जातात, भरलेल्या ट्रॉलीच्या रस्त्यावर त्यांचा भरवसा धरू नये. ट्रॅक्टरच्या टायर व ट्यूबवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या जोडीपासून पळण्याचे एक कारण कमी झाले आहे. दुकानातील नव्या टायरचाही शिक्का वाचावाच. वर्षानुवर्षे उन्हात टांगलेला टायर नवा राहत नाही.

एवढी काळजी घेऊन आणलेला टायर हवेच्या नळीखाली वाया जातो. गॅरेजमध्ये मोठ्या चाकाला डोळ्यांनी अंदाज घेऊन ३० पौंडांपर्यंत हवा भरली जाते, चाक टणक वाटले की मालक खूश. शेतकामात या मापाच्या टायरला १२ पौंडांच्या आसपास हवा पुरे असते; तेव्हाच तो किंचित चपटा होऊन पूर्ण रुंदीने जमीन धरतो. अमेरिकेत १९३२ साली ॲलिस-चाल्मर्स कंपनीच्या ट्रॅक्टरांना प्रथमच हवेचे रबरी टायर विक्रीसाठी आले, तेव्हा लोखंडी चाकांची सवय असलेल्या शेतकऱ्यांचा या कमी हवेच्या चाकांवर विश्वास बसत नव्हता. त्या चाकांचा गुण त्यांच्या मऊपणातच होता. अधिक हवा भरून आपण तो गुण घालवतो आणि पुन्हा लोखंडी चाकाकडे वळतो. ट्रॉलीच्या कामाला मात्र हवा वाढवली पाहिजे; किती, ते टायर-उत्पादकाच्या तक्त्यात भाराप्रमाणे दिलेले असते. मऊ टायरने भरधाव रस्ता तोडला तर भिंती तापून फाटतात.

वजन कमी पडत असेल तर ते टायरच्या आत पाण्याने देता येते. वॉल वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश पाणी भरावे व वर हवेची उशी ठेवावी. १२.४-२८ च्या एका टायरात दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे प्रत्येक चाकावर जवळजवळ दीडशे किलो वजन वाढते, तेही जवळपास फुकट. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात व त्याने रिम गंजते. आपल्याकडे मैदानी भागात साधे पाणी चालते. वाहतुकीचा हंगाम सुरू झाला की पाणी काढून टाकावे. रस्त्यावर ते निव्वळ ओझे होय.

टायर, हवा व वजन यांचा मेळ बसला की नाही, हे पाहण्यास खडू आणि मोजपट्टी पुरते. मागील चाकाच्या भिंतीवर खडूने खूण करावी. शेतात औजार उचलून चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा व कापलेले अंतर मोजावे. मग त्याच रानात नांगर लावून पुन्हा १० फेरे मोजावेत. पहिल्या वेळी ३८ मीटर व दुसऱ्या वेळी ३३ मीटर भरले, तर ५ मीटर घसरण्यात गेले, म्हणजे सुमारे १३ टक्के. १० ते १५ टक्के घसर योग्य समजली जाते. ती ३० टक्क्यांवर गेली तर ५ तासांच्या नांगरटीला ६ तास लागतात, आणि त्या सहाव्या तासाचे डिझेल केवळ रबर झिजवण्यात जळते. उलट घसर ५ टक्क्यांच्या खाली आली, तर ट्रॅक्टरवर नको इतके वजन लादले आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने एखाद्या नांगरटीच्या दिवशी चार शेतकऱ्यांसमोर ही मोजणी करून दाखवावी. एका व्याख्यानाने होणार नाही एवढे काम तेथे होईल.

टायर बसवताना रिम तारेच्या ब्रशने घासून, रंगाचा हात देऊन कोरडे करावे. वॉलच्या भोकाजवळ गंज अधिक असतो, तेथे कडा धारदार झाल्या असल्यास कानशीने मोडाव्यात, नाहीतर नवी ट्यूब पहिल्याच आठवड्यात कापली जाते. रिमला भेग असेल व वेल्डिंग करावयाचे असेल, तर टायर व ट्यूब पूर्ण उतरवूनच करावे. हवा भरलेल्या चाकावर वेल्डिंग केल्याने टायर स्फोट होऊन फुटतो आणि जवळचा माणूस वाचत नाही. टायरची कड रिमवर बसत नसेल तर साबणाचे पाणी लावावे. ३५ पौंडांच्या वर हवा भरून ती बसवण्याचा हट्ट धरू नये, आणि हवा भरताना चाकासमोर उभे राहू नये.

कंगोऱ्यांच्या बाणाची दिशाही पाहावी. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहिल्यास बाणाचे टोक वर दिसले पाहिजे. पिकाच्या ओळींसाठी चाकांतील अंतर वाढवावयाचे असेल व त्यासाठी चाकाची वाटी उलटी करावयाची असेल, तर डावे चाक उजवीकडे व उजवे डावीकडे बसवावे. म्हणजे वाटी उलटते, पण बाणाची दिशा बिघडत नाही. चाक त्याच बाजूस नुसते उलटे केले तर कंगोरे उलट दिशेने फिरतात, चिखल बाहेर फेकण्याऐवजी आत ओढतात, आणि मालक पुन्हा दुकानात जाऊन टायरची तक्रार करतो. नव्या जोडीवर पहिला दोन-तीन तासांचा फेरा झाला की चाकाचे सर्व नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.